रुसव्याचं वळण

पुलाच्या पायथ्याशी, जिथे रस्ता नदीकडे उतरतो, तिथे एक अरुंद दुकान आहे. आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढंच ते. भिंतीला गळाच्या काठ्या टेकवलेल्या, वर छताला जाळ्या टांगलेल्या, आणि काउंटरमागे लहान लहान खणांचं एक जुनं कपाट. त्या खणांत मोहरीएवढ्या गळापासून बोटाएवढ्या गळापर्यंत सगळं, शिशाच्या गोळ्या, पाण्यावर तरंगणारी रंगीत बुचं, तंगुसाची म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची रिळं, पत्र्याचे आणि लाकडाचे नकली मासे. कपाटावर कुठेही चिठ्ठी नाही. कुठल्या खणात काय आहे हे फक्त दुकान चालवणाऱ्या बाईला ठाऊक. तिचा बाप हयात असताना त्याला ठाऊक होतं, आणि त्याने ते तिच्या हाताला शिकवलं होतं, डोक्याला नव्हे.

गावात तिला सगळे गळवाली म्हणत. नवरा बसवर ड्रायव्हर होता. लग्नात त्याच्या मित्रांनी त्याला विचारलं होतं, गळाला लागलास की काय. तो विनोद तो अजून सांगायचा आणि ती अजून हसायची.

या दुकानात माल कमी आणि बोलणं जास्त विकलं जातं, असं नवरा म्हणायचा. त्यात खोटं नव्हतं. कुणी एकच गळ मागितला तर ती एकच द्यायची, आणि तो कशासाठी हवा, कुठे बसणार, पाणी काल कसं होतं हे विचारायची. मग म्हणायची की हा गळ नको, याच्या खालचा घ्या, आणि बंधाऱ्याजवळ बसू नका, आज वारा उलटा आहे. नव्या माणसाला ती गाठ मारायला शिकवायची, त्याचा हात हातात धरून, तो पंच्याहत्तरीचा असला तरी. बायको गेल्यावर घराबाहेर पडेनासा झालेला लाँड्रीवाला तिच्याच सांगण्याने नदीवर जायला लागला होता. त्याला पहिली काठी तिने उसनी दिली होती आणि ती परत मागायची विसरली होती, म्हणजे विसरल्याचं दाखवलं होतं.

आणि दुकानात मास्तर होते. भूगोलाचे निवृत्त मास्तर. रोज सकाळी शटर वर गेलं की ते यायचे, टोपी भिंतीला टेकवलेल्या एका काठीच्या टोकाला अडकवायचे आणि काउंटरच्या कडेच्या स्टुलावर बसायचे. बापाच्या वेळेपासूनची ही बैठक. दोघं म्हातारे दिवसभर नदीची उणीदुणी काढत बसायचे. नदीच्या प्रत्येक जागेला बापाने नाव ठेवलं होतं. वरून शांत आणि आत भोवरा, त्या डोहाला सासूचा डोह. जिथे गळ टाकला की हमखास अडकतो आणि तुटतो, ती वकिलाची पायरी. जिथे मासा फक्त हुंगून जातो, ती नुसतीच चौकशी. ही नावं दुकानाबाहेर जात नसत. गिऱ्हाइकाला सांगताना ती दुसऱ्या खुणा सांगायची, मोडका धक्का, पिवळी भिंत वगैरे. नावं होती ती घरची.

त्यातलं एक तर दुकानातही कुणाला ठाऊक नव्हतं. लहान असताना एकदा बाप तिला न घेता नदीवर गेला म्हणून ती रुसून घरातून निघाली आणि काठाकाठाने चालत एका वळणावर, पाण्यावर ओणवलेल्या मोठ्या झाडाच्या मुळांत जाऊन बसली. बाप दुपारभर हाका मारत फिरला. सापडली तेव्हा ओरडला नाही, मारलं नाही. शेजारी बसला, गळ टाकला आणि काठी तिच्या हातात दिली. त्या संध्याकाळी तिने ओढला तेवढा मासा पुढे तिच्या बापालाही कधी मिळाला नाही. बापाने त्या जागेचं नाव ठेवलं रुसवा. तिथे ते दोघंच जायचे, आणि ती जागा त्याने कुणाला म्हणून सांगितली नाही. तो गेला त्या आठवड्यात मास्तर रोज तिच्याजवळ येऊन बसले. काही बोलले नाहीत, नुसते बसले. तेव्हा एकदा तिने आपणहून त्यांना रुसव्याची गोष्ट सांगितली होती. ऐकताना मास्तरांनी चष्मा काढून पुसला होता.

मग मोठ्या रस्त्यावर ते दुकान आलं. खेळाच्या सामानाचं. दार आपोआप उघडणारं, आत गार हवा, आणि एक अख्खा मजला मासेमारीचा. गावातल्या गळमंडळाने लगेच सभा घेतली. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. ते म्हणाले की आपण सगळ्यांनी आपल्या गळवालीच्या पाठीशी उभं राहायला हवं. पण सभा जिंकली ती मास्तरांनी. ते उठले आणि हळू आवाजात बोलत गेले. छोटं दुकान म्हणजे नुसतं सामान नव्हे, म्हणाले. मोठ्या दुकानात काठी मिळते, पण ती तुमच्या हाताला जड होईल हे सांगणारं माणूस मिळत नाही. तिथे तुम्ही गिऱ्हाईक असता, इथे तुम्ही आलात नाही तर कुणीतरी विचारतं की बरं नाही का. हे दुकान बंद पडलं तर आपल्या हातात गळ राहतील आणि नदी हातातून जाईल. लोकांनी टाळ्या थांबवल्याच नाहीत. गळवाली मागच्या रांगेत बसली होती. तिला पदराचा बोळा तोंडाला लावावा लागला.

त्यानंतर थोडे दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. नको असलेली रिळंही लोकांनी नेली. मग गर्दी ओसरली, आणि पुढे पहिल्यापेक्षाही कमी झाली. लोक येत राहिले, पण रिकाम्या हाताने जायला. फार तर गांडुळं न्यायचे, पाणी कसं आहे विचारायचे. आणि गावातल्या सगळ्यांना अचानक भेटी मिळायला लागल्या होत्या. कुणाच्या हातात नवी काठी दिसली की ती मेहुण्याने दिलेली असायची, रीळ मुलीने वाढदिवसाला घेतलेलं. एवढे प्रेमळ नातेवाईक या गावात होते हे तिला आजवर कळलंच नव्हतं, असं ती मास्तरांना म्हणायची आणि दोघं हसायची. मास्तर जरा कमी हसायचे. वय झालं, असं तिने धरलं होतं.

मोठं दुकान उघडायच्या थोडं आधी मास्तरांची मुलगी आणि जावई परगावाहून इथे राहायला आले होते. जावयाची तिकडची नोकरी गेली होती. लग्न तिकडेच झालं होतं, त्यामुळे गळवालीने त्याला कधी पाहिलं नव्हतं. तिने विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले की इथे लागलाय एका ऑफिसात, ठीक आहे. तिला बरं वाटलं होतं.

एका सकाळी लाँड्रीवाला अडकलेलं रीळ घेऊन आला. भाचीने दिलंय, म्हणाला, आणि खाली बघत राहिला. तिने ते खोललं, साफ केलं. पण त्याची मूठ तडकलेली होती आणि तसली मूठ फक्त त्या मोठ्या दुकानात मिळणारी होती. लाँड्रीवाल्याने पुन्हा तिकडे जायला नको, निदान दुरुस्ती तरी आपल्या हातची राहावी, म्हणून दुपारी शटर ओढून ती स्वतःच तिकडे गेली. पहिल्यांदाच.

दार उघडलं. ती जिना चढून मासेमारीच्या मजल्यावर आली आणि समोरच्या भिंतीकडे बघून तिचे पाय थबकले.

भिंतभर नकाशा होता. त्यांची नदी, पुलापासून वर धरणापर्यंत, निळ्या रंगात, प्रत्येक वळण जिथल्या तिथे. जागोजागी लाल ठिपके आणि ठिपक्यांशेजारी ठळक अक्षरं. सासूचा डोह. वकिलाची पायरी. नुसतीच चौकशी. प्रत्येक नावाखाली तिथे कुठलं आमिष चालतं ते, आणि ते कुठल्या फळीवर मिळेल ते.

आधी तिला वाटलं आपण काहीतरी चुकीचं वाचतोय. मग बापाचा आवाज कुणीतरी चोरून इथे माणसांच्या डोक्यावर लावून ठेवलाय, असं तिला वाटलं.

मॅनेजर जवळ आला. तरुण, नम्र, छातीला बिल्ला. ती नकाशाकडे बघतेय म्हणून त्याला आनंद झाला. ही आमची खासियत आहे, म्हणाला, लोक लांबून बघायला येतात. सासूच्या डोहाकडे बोट दाखवून त्याने सांगितलं की फार वर्षांपूर्वी इथे एका बाईची सासू बुडाली, म्हणून हे नाव. तिने विचारलं, असं कोण म्हणतं. तो म्हणाला की जुनी दंतकथा आहे.

मग त्याचं बोट वर सरकलं, एका वळणावर, जिथला ठिपका बाकीच्यांपेक्षा मोठा होता. "आणि हा रुसवा," तो म्हणाला. "मोठ्या माशांची खात्रीची जागा. ही कुणालाच माहीत नव्हती."

"तुम्हाला कशी कळली?"

"माझ्या सासऱ्यांनी सांगितली. भूगोलाचे मास्तर होते ते. अख्खी नदी तोंडपाठ आहे त्यांना. हा नकाशा त्यांनीच काढलाय."

तो अभिमानाने बोलत होता आणि त्यात कसलंही कपट नव्हतं. त्याला ती कोण हे ठाऊकच नव्हतं. तिने मूठ मागितली. त्याने ती शोधून नीट पिशवीत घालून दिली आणि पुन्हा या म्हणाला.

ती घरी गेली नाही. काठाकाठाने चालत सरळ रुसव्याच्या वळणावर गेली. लांबूनच माणसांचे आवाज आले. झाडाखाली घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बसायला सोपं जावं म्हणून मुळं करवतीने कापून सपाट केली होती आणि कापलेल्या जागा अजून ओल्या दिसत होत्या. चिखलात आमिषाची रिकामी पाकिटं रुतली होती, सगळी एकाच दुकानाची. बसलेल्यांपैकी बहुतेकांना गाठ मारायला तिनेच शिकवलं होतं.

दातांच्या डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि हात हलवला. "अगं, ये ना," ते म्हणाले. "काय जागा आहे ही. मास्तर म्हणजे खरंच छुपे रुस्तम."

तिने विचारलं, तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं का मास्तरांचं. डॉक्टर जरा गोंधळले. म्हणाले की हो, म्हणजे नकाशा लागला त्या दिवशी आम्ही सगळे गेलोच होतो, चहापाणी होतं. तुला मास्तरांनी सांगितलंच असेल असं धरून चाललो. रोज तर ते तुझ्याकडेच बसतात. मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "कुणी विषय काढला नाही कारण उगाच तुला वाईट वाटायला नको."

बाकीचे पाण्याकडे बघत होते. मासा लागल्यासारखे सगळे एकदम आपापल्या बुचाकडे टक लावून बसले होते. लाँड्रीवालाही त्यात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर नेहमीसारखे आले. टोपी अडकवली, स्टुलावर बसले. तिने चहा दिला. त्यांनी दोन घोट घेईपर्यंत ती थांबली, मग विचारलं, "जावई कुठल्या ऑफिसात आहेत म्हणालात, मास्तर?"

"ते गोदामाचं असतं ना," मास्तर म्हणाले, "तिथलं ऑफिस."

तिला वाटलं होतं की निदान आता तरी खरं बोलतील. तिने त्यांना ती एक संधी दिली होती आणि ती त्यांनी सहज, बशी पुढे सरकवावी तशी बाजूला सारली.

"काल भेटले मला," ती म्हणाली. "नकाशा समजावून सांगितला त्यांनी."

मास्तरांनी कप खाली ठेवला. मग एकेक करून सांगत गेले. मुलगी सामान घेऊन दारात उभी राहिली होती. जावई दिवसभर पांघरूण घेऊन पडून असायचा. त्या दुकानाच्या मालकाने मुलाखतीत विचारलं की या नदीबद्दल तुम्हाला काय माहिती आहे. त्याला काहीच माहीत नव्हतं, म्हणून तो सासऱ्याकडे आला. एका बैठकीत नकाशा काढून झाला. नोकरी पक्की झाली. मुलगी त्या दिवशी पोटभर जेवली.

"मला सांगायचं होतं तुम्ही," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं असतं का?"

"रुसव्याला नाही म्हटलं असतंस."

हे खरं होतं, आणि ते त्यांना इतकं नेमकं ठाऊक असावं याचा तिला जास्त राग आला.

"तुझं त्यात काय गेलं पोरी," मास्तर म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "नदी काही कुणाच्या बापाची नसते."

"नदी नसते. नावं माझ्या बापाची होती."

बाहेर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, आतल्या दोघांची तोंडं पाहिली आणि निघून गेलं.

तिच्या मनात आणखी एक प्रश्न रात्रभर सलत होता. विचारू नये असं तिला वाटत होतं, कारण उत्तर काय येईल याची भीती होती. तरी तिने विचारलं. "सभेत बोललात तुम्ही. दुकानाबद्दल. नकाशा त्याच्या आधी काढला होतात की नंतर?"

मास्तरांनी कपाटातल्या खणांवरून नजर फिरवली, वरपासून खालपर्यंत, जणू उत्तर त्यातल्या एखाद्यात ठेवलंय.

"आधी," ते म्हणाले. "छापायला गेला होता तेव्हा." मग म्हणाले, "मी त्या सभेत एक अक्षर खोटं बोललो नाही. खरं तर म्हणूनच इतकं बोलता आलं."

तिला आठवला तो पदराचा बोळा. आपण मागच्या रांगेत बसून रडत होतो आणि हा माणूस पुढे उभा राहून आपला गळा केसाने कापत होता, आणि कापताना त्याचे स्वतःचेही डोळे भरले होते. खोटं बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं. खोटारड्या माणसाला मनातून काढून टाकता येतं. यांना कुठून काढायचं तिला कळेना. बाप गेल्यावर बापाच्या जागी तिने यांनाच बसवलं होतं.

"टोपी घ्या मास्तर," ती म्हणाली.

त्यांनी टोपी घेतली. उठताना त्यांना काउंटरचा आधार घ्यावा लागला. नेहमी ती हात द्यायची, त्या दिवशी तिने दिला नाही. नंतर कित्येक दिवस तिचा तो हात तिला बोचत राहिला, आणि हे बोचणंही त्यांनीच आपल्या गळ्यात बांधलं म्हणून ती आणखी चिडली.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला की आता तरी दुकान बंद कर, बस डेपोच्या कँटीनमध्ये जागा आहे. ती म्हणाली, बंद करणार नाही. त्याला वाटलं ती जिद्दीला पेटलीये. तसं काही नव्हतं. सवय होती, आणि दुसरं काही येत नव्हतं.

दुकान चालू राहिलं, फक्त ती बोलायची थांबली. कुणी गळ मागितला की गळ द्यायची. कुठला घेऊ विचारलं की म्हणायची, तुम्हाला आवडेल तो. पाणी कसं आहे विचारलं की म्हणायची, जाऊन बघा. उद्धट नव्हती, उलट पूर्वीपेक्षा जास्त अदबीने वागायची, पिशवी दोन्ही हातांनी द्यायची. लाँड्रीवाल्याचं रीळ तिने मूठ बसवून परत केलं. तो काउंटरपाशी घुटमळला, म्हणाला की मी त्या दिवशी तिथे नुसताच बसलो होतो. ती म्हणाली, हो, पाहिलं मी. त्यानंतर त्याने नदीवर जाणं कमी केलं असं तिच्या कानावर आलं. पूर्वी ती शटर ओढून त्याच्या घरी गेली असती.

मास्तरांना ती रस्त्यात लांबून दिसली की ते पुलाच्या पलीकडच्या कडेने जायचे. तिला ते दिसायचे. सकाळी शटर वर करताना अजून तिचा कान त्यांच्या चपलांकडे लागायचा, आणि त्याबद्दल ती स्वतःवरच वैतागायची.

पुढे मोठ्या दुकानाला मासेमारीचा मजला परवडेना. वळणावर माणसं इतकी बसली की मासे तिथून हलले, नकाशाला भुलून लांबून येणारे रिकाम्या हाताने परतले आणि येईनासे झाले. मजल्यावर सायकली आल्या. नकाशा खाली उतरवला गेला. जावयाची बदली सायकलींवर झाली. नोकरी राहिली, एवढं बरं झालं, असं तिला खरोखर वाटलं.

मग सगळे परत आले. डॉक्टर आले, मंडळाचे बाकीचे आले, आपलं दुकान ते आपलं दुकान असं म्हणत आले. आता कुणाला भेटी मिळत नव्हत्या. डॉक्टरांनी तिचा सत्कार करायचा घाट घातला. इतक्या वादळात ज्यांनी छोटं दुकान टिकवलं वगैरे. तिने हात जोडून नको म्हटलं. डॉक्टरांना तो विनय वाटला आणि त्यांनी तसं चारचौघांत सांगितलंही. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं. रागावण्यापुरतंही कुणी समोर उरलं नव्हतं.

धंदा मात्र चांगला चालला, बापाच्या काळात चालला नव्हता इतका. गप्प बसून माल जास्त विकला जातो हे तिला तेव्हा कळलं.

एका सुट्टीच्या दिवशी ती बऱ्याच काळाने स्वतःची काठी घेऊन निघाली. बंधाऱ्याच्या पलीकडे, जिथे काठ दगडांचा आहे आणि बसायला सोय नाही म्हणून कुणी जात नाही, तिथे एका खडकाच्या सावलीत पाणी काळं आणि खोल दिसलं. तिने गळ टाकला. थोड्याच वेळात काठी अशी वाकली की तिला दोन्ही पाय दगडाला रोवावे लागले. तंगुसाने बोटं कापली. मासा वर आला. अंगावर तांबूस झाक, शेपूट तिच्या दोन पंजांएवढी रुंद. असला मासा या नदीत उरला असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने गळ सोडवला, त्याला पाण्यात धरून ठेवलं, त्याचं अंग हातात सावरल्याचं जाणवलं, आणि सोडला. तो लगेच गेला नाही. मग गेला.

ती वळली. तोंड उघडलंच होतं तिने, सांगायला. काठावर कुणी नव्हतं.

घरी आली तेव्हा नवरा बसची वर्दी दोरीवर टाकत होता. तिची ओली साडी आणि कापलेली बोटं पाहून त्याने मजेत विचारलं, "काय, मिळालं का काही?"

या माणसाने तिला कधी फसवलं नव्हतं. तिच्या मनात आलं, सांगावं. मग तिला दिसलं की हा उद्या डेपोत सांगेल, कौतुकानेच सांगेल, बायकोच्या अभिमानाने. तिथून कुणीतरी पुलावर सांगेल.

"नाही," ती म्हणाली. "पाणी मेलंय तिकडचं."

त्याने खरं मानलं आणि बोटांना लावायला औषध आणून दिलं.